खेळाच्या पानावरचं दुखणं कसं वाचावं

मागच्या पावसाळ्यात ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहाबाहेर एका वडिलांनी माझ्यापुढे वर्तमानपत्राचं कात्रण धरलं. पाकिटात घडी करून ठेवलेलं, घडीवरची शाई पुसट झालेली. मथळा होता की अमुक गोलंदाज सहा आठवड्यांत मैदानात परतणार. त्यांचा मुलगा चौदा वर्षांचा, उजव्या हाताने वेगात टाकणारा. कंबर दुखायला लागून सात आठवडे झाले होते. "मॅडम, त्याला सहा लागले. मग डॉक्टर आमच्या याला का सोडत नाहीत?"

मी कात्रण पूर्ण वाचलं. चौथ्या परिच्छेदात, अर्ध्या ओळीत, त्या गोलंदाजाला नेमकं काय झालं होतं ते लिहिलेलं. मांडीच्या मागचा स्नायू. या मुलाच्या एमआरआयमध्ये खालच्या मणक्याला बारीक चीर होती. एकीकडे स्नायू, दुसरीकडे हाड, आणि मधे फक्त "सहा आठवडे" एवढे दोन शब्द.

मी सोळा वर्षं खेळाच्या डेस्कवर पानं लावली आहेत. अशी कात्रणं माझ्याच हातून निघाली आहेत, म्हणून हे लिहिणं मला माझं काम वाटतं. घरात कुणी खेळत असेल, सकाळी येऊरला किंवा पाम बीच रोडला कुणी पळायला जात असेल, तर खेळाच्या पानावरची आरोग्याची बातमी पायरीपायरीने कशी वाचायची ते सांगते. सुरुवातीलाच एक गोष्ट मनात धरा. खेळाचं पान सामन्याच्या घड्याळावर चालतं. आमच्या डेस्कवर पहिला प्रश्न असायचा, "खेळणार की नाही?" डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "काय दुखावलंय आणि किती भरून आलंय?" तुम्ही वाचता ते पहिल्या प्रश्नाचं उत्तर असतं. त्यातून दुसऱ्याचं उत्तर तुम्हाला स्वतः शोधून काढावं लागतं.

पायरी १ : बोलतंय कोण ते आधी पाहा

बातमी हातात आली की मथळा सोडा आणि माहिती कुणाच्या तोंडची आहे ते शोधा. क्रिकेट मंडळाचं वैद्यकीय निवेदन असेल तर ते त्रोटक असतं, पण जबाबदारीने दिलेलं असतं. खेळाडूने स्वतः सांगितलं असेल तर तेही धरा. नाणेफेकीच्या वेळी कर्णधार "तो ठीक आहे" म्हणतो तेव्हा मात्र समोरचा संघही ऐकत असतो, हे विसरू नका. "सूत्रांच्या माहितीनुसार" असेल तर मी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारते आणि दोन दिवस थांबते. आणि चौकटीत एखाद्या डॉक्टरांचं मत असेल तर त्यांनी त्या खेळाडूला तपासलं आहे का, ते बघा. बहुतेकदा तपासलेलं नसतं. ते त्या दुखापतीबद्दल सर्वसाधारण बोलत असतात आणि मथळा लावणारा ते त्या खेळाडूला चिकटवतो.

थांबायचं का, याचं उदाहरण फार जुनं नाही. २५ ऑक्टोबर २०२५ ला सिडनीत अॅलेक्स कॅरीचा झेल मागे पळत घेताना श्रेयस अय्यर पडला. पहिली बातमी होती डाव्या बरगडीला मार लागल्याची. नंतर स्कॅनमधून कळलं की प्लीहेला, म्हणजे बरगड्यांच्या आड डावीकडे असलेल्या पानथरीला, इजा होऊन आत रक्तस्राव झाला होता. पहिली बातमी खोटी नव्हती. त्या क्षणी बाहेरून तेवढंच दिसत होतं. शरीराचा खुलासा उशिरा होतो आणि पान रात्रीच छापायला सोडावं लागतं.

हे घरापर्यंत आणा. कबड्डीत पकडीखाली दबून किंवा मैदानावर आपटून मुलाला डाव्या बरगडीखाली मार बसला, आणि तासाभराने तो पांढरा पडला, घाम सुटला, चक्कर आली किंवा काही कारण नसताना डावा खांदा दुखायला लागला, तर "बरगडीला लागलंय, शेक देऊ" म्हणत घरी बसू नका. लगेच रुग्णालय गाठा.

पायरी २ : नेमकं काय दुखावलं, तो शब्द शोधा

इथे आपली भाषा आपल्याला अडवते, म्हणून जरा थांबून सांगते. बोलताना आपण सगळ्याला "शीर" किंवा "नस" म्हणतो. शीर ओढली, नस दबली, नस चढली. पण स्नायू वेगळा, स्नायूला हाडाशी बांधणारा टेंडन वेगळा, हाडाला हाडाशी बांधणारं लिगामेंट वेगळं आणि मज्जातंतू आणखी वेगळा. चारही भरून यायला लागणारा वेळ वेगवेगळा. वर्तमानपत्रात लिगामेंट कधी "अस्थिबंध" होतं, कधी "स्नायुबंध", आणि घाईत नुसतं "स्नायू". गुडघ्याच्या सांध्याच्या आतलं पुढचं लिगामेंट, ज्याला खेळाडू एसीएल म्हणतात, ते पूर्ण तुटून शस्त्रक्रिया झाली तर परत खेळायला साधारण नऊ महिने किंवा जास्त लागतात. बातमीत "गुडघ्याचा स्नायू दुखावला" असं छापलं गेलं तर वाचणाऱ्याला वाटतं, पंधरा दिवसांचं काम आहे.

"मांडीचा स्नायू" हाही असाच शब्द. पुढचा की मागचा? मागचा म्हणजे हॅमस्ट्रिंग. त्यातही तीन श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीत थोडे तंतू ताणलेले असतात, एक ते तीन आठवड्यांत माणूस उभा राहतो. दुसऱ्या श्रेणीत स्नायू अर्धवट फाटतो, महिना-दोन महिने जातात. तिसऱ्यात तो पूर्ण फाटतो, आणि मग महिन्यांचाच हिशेब. श्रेणी छापली नसेल तर परतीच्या तारखेला अर्थ उरत नाही.

माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण ती अजून मला टोचते. एका रात्री वृत्तसंस्थेकडून आलेल्या मजकुरात एका गोलंदाजाबद्दल "स्ट्रेस रिअॅक्शन" असा शब्द होता. म्हणजे सततच्या ताणाने हाड आतून सुजलेलं, पण चीर पडलेली नाही. वेळेत थांबलं तर चीर टळते. मला तेव्हा तो फरक माहीत नव्हता. पान सोडायला दहा मिनिटं उरली होती आणि मथळ्याला तीन शब्दांची जागा होती. मी लिहिलं, "पाठीचं हाड मोडलं". दुसऱ्या दिवशी सकाळच्या ठाणे–नेरूळ लोकलमध्ये समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी तो मथळा शेजाऱ्याला वाचून दाखवला आणि म्हणाले, "संपलं याचं." मी समोर बसून होते. दुरुस्ती चौथ्या दिवशी छापली, आतल्या पानावर, दोन ओळींत. ती त्या गृहस्थांनी वाचली असेल असं मला वाटत नाही.

म्हणून वहीत एक पान करा. बातमीतला शब्द डावीकडे, डॉक्टरांना विचारून त्याचा अर्थ उजवीकडे. पाच-सहा शब्द झाले की निम्म्या बातम्या उलगडायला लागतात.

पायरी ३ : परतीची तारीख आपल्या कॅलेंडरवर उतरवू नका

जसप्रीत बुमराच्या पाठीच्या बातम्या एका ओळीत लावून पाहा. २०१९ मध्ये कमरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने पडलेली चीर. सप्टेंबर २०२२ मध्ये तो परतला आणि लगेच पुन्हा बाहेर गेला, टी-२० विश्वचषक हुकला. जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेविरुद्धच्या एकदिवसीय संघात त्याचं नाव आलं आणि काही दिवसांतच मागे घेतलं गेलं. मार्चमध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया. ऑगस्टमध्ये आयर्लंडमध्ये पुनरागमन. पुढे जानेवारी २०२५ मध्ये सिडनी कसोटीत पाठ पुन्हा आखडली आणि चॅम्पियन्स ट्रॉफी गेली. प्रत्येक बातमी तिच्या दिवशी सुटी वाचली तर वाटतं, आता झालाच बरा. ओळीने वाचली की दिसतं, हाड आपला वेळ घेतं आणि घाई त्याला चालत नाही. ज्याच्या दिमतीला डॉक्टर, फिजिओ आणि हवा तेव्हा स्कॅन आहे, त्याच्या बाबतीतही.

आता मुलांचं. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या कोवळ्या मुलांमध्ये कमरेच्या मणक्याची ही चीर नेहमी आढळणारी दुखापत आहे. हाडं अजून पक्की झालेली नसतात, आणि चेंडू टाकताना कणा एकाच वेळी मागे वाकतो, बाजूला कलतो आणि पिळला जातो. उजव्या हाताने टाकणाऱ्याला ती बहुधा डाव्या बाजूला होते. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये अनेकदा काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. "एक्स-रे नॉर्मल आहे, नाटकं करतोय" हे वाक्य मी ठाण्यातल्या मैदानांवर इतक्यांदा ऐकलं आहे की राग येतो. मुलगा मागे वाकल्यावर कमरेच्या एकाच बाजूला दुखतं म्हणत असेल, तर गोलंदाजी त्याच दिवशी बंद करा आणि खेळाच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. मालीश किंवा हाड बसवून घेणं हा यावरचा उपाय नव्हे. थांबण्याचा हिशेब महिन्यांत असतो, आणि परत सुरुवातही मोजून करायची असते. आधी अर्धा रनअप, मोजके चेंडू, मधे सुटीचा दिवस.

कात्रण वाचताना म्हणून तीन गोष्टी तपासा : खेळाडूचं वय, दुखावलेली ऊती (स्नायू, हाड की लिगामेंट), आणि आधी तिथेच दुखापत झाली होती का. तिन्हींपैकी एक जरी तुमच्या घरच्या पेशंटशी जुळत नसेल, तर त्या बातमीतली तारीख तुमच्यासाठी नाही.

पायरी ४ : हृदयाची बातमी दोनदा वाचा

मराठी पानांवर "हृदयविकाराचा झटका" हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरला जातो, आणि या गोंधळाने जीव जाऊ शकतो.

जानेवारी २०२१ मध्ये सौरव गांगुली यांना घरी व्यायाम करताना त्रास झाला, कोलकात्यात अँजिओप्लास्टी झाली. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये कपिल देव यांच्यावरही दिल्लीत अँजिओप्लास्टी झाली होती. हे हार्ट अटॅक. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी अडते, माणूस बहुतेकदा शुद्धीवर असतो, छाती दाबल्यासारखी वाटते, घाम येतो. इथे लवकरात लवकर रुग्णालयात पोचणं हा उपाय.

१२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये युरो स्पर्धेच्या सामन्यात डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन मध्यंतराच्या जरा आधी, कुणाचा धक्का न लागता कोसळला. त्याचं हृदयच थांबलं होतं. याला कार्डिअॅक अरेस्ट म्हणतात. तिथे रुग्णालयापर्यंत वाट पाहायला वेळ नसतो. मैदानावरच छाती दाबली, विजेचा झटका देणारं यंत्र वापरलं, तो शुद्धीवर आला. पुढे त्याच्या शरीरात आयसीडी नावाचं, गरज पडली तर आतूनच हृदयाला झटका देणारं छोटं यंत्र बसवलं. इटलीच्या नियमांत त्या यंत्रासह खेळता येत नव्हतं, म्हणून इंटर मिलान सोडून जानेवारी २०२२ मध्ये तो इंग्लंडच्या ब्रेंटफर्डकडे गेला. आपल्याकडच्या बऱ्याच बातम्या या शेवटच्या भागावर, म्हणजे कुठल्या क्लबने करार केला यावर रेंगाळल्या. वाचणाऱ्याच्या कामाचा भाग पहिल्या मिनिटांतला होता.

तो इथे लिहून ठेवते. खेळता खेळता कुणी अचानक कोसळला, हाकेला उत्तर नाही, श्वास नीट नाही, तर एकाने १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायला सुरुवात करायची. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला पाच-सहा सेंटीमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मधूनच घरघर किंवा आचके आले तरी तो श्वास समजू नका, दाबत राहा. तोंडात पाणी ओतणं, कांदा किंवा चप्पल हुंगवणं यात जी मिनिटं जातात ती परत मिळत नाहीत. तुमच्या क्लबमध्ये, सोसायटीच्या टर्फवर एईडी, म्हणजे विजेचा झटका देणारं ते यंत्र, आहे का, ते आजच विचारा. असेल तर ते कुठल्या कपाटात आहे आणि किल्ली कुणाकडे, तेही विचारा.

पायरी ५ : डोपिंगच्या बातमीत औषधाचं नाव शोधा

"डोपिंगमध्ये अडकला" वाचलं की डोळ्यांसमोर इंजेक्शनं येतात. पृथ्वी शॉच्या प्रकरणात, फेब्रुवारी २०१९ मध्ये घेतलेल्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं होतं, जे खोकल्याच्या औषधांत असतं. मंडळाने म्हटलं की ते त्याच्या पोटात अजाणता गेलं, आणि तरीही आठ महिन्यांची बंदी झाली. नियमच तसा आहे. शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूची, हेतू काहीही असो.

ठाण्या-नवी मुंबईत पावसाळ्यात प्रत्येक घरात खोकल्याची बाटली असते. मुलगा-मुलगी राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धा खेळत असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा की यांची डोप चाचणी होऊ शकते. औषधाच्या दुकानातून परस्पर बाटली आणू नका. नाडा या राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेचं "नो युअर मेडिसिन" नावाचं अॅप आहे, त्यात औषध तपासता येतं. प्रिस्क्रिप्शन आणि बिल जपून ठेवा. दम्यासारख्या आजारात बंदी असलेलं औषध घ्यावंच लागत असेल तर उपचारासाठी सूट मागण्याची रीतसर सोय आहे, ती वेळेत करा. बंदी असलेल्या पदार्थांची यादी दर १ जानेवारीला नव्याने लागू होते, तेव्हा गेल्या वर्षीच्या कात्रणावर विसंबू नका.

पायरी ६ : वजन आणि मन

पॅरिसमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. आपली पानं कट, अपील, पदक यांनी भरून गेली. शरीराची गोष्ट चौकटीत गेली. रात्रभर व्यायाम, पाणी बंद, घाम काढणं, शेवटी केसही कापणं. ही बातमी आखाड्यातल्या, ज्युडोतल्या, बॉक्सिंगमधल्या मुलांच्या आईबापांनी चौकटीपासून सुरू करून वाचायला हवी. वाढत्या वयाच्या मुलाला पाणी तोडून गटात बसवायला कुणी सांगत असेल, तर गट बदला. मुलींच्या बाबतीत वजन उतरत असताना पाळी थांबली तर ते "ट्रेनिंगचं लक्षण" नाही, खाणं कमी पडत असल्याची खूण असू शकते. डॉक्टरांना दाखवा.

मनाच्या बाबतीत आपल्या दारातलंच उदाहरण आहे. ३० ऑक्टोबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ चा पाठलाग करताना जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ केल्या, आणि सामन्यानंतर तिने सांगितलं की या स्पर्धेत ती चिंतेने ग्रासली होती, जवळपास रोज रडत होती, आईला फोन करत होती. दुसऱ्या दिवशीचे बहुतेक मथळे "अश्रूंची फुलं झाली" अशा चालीचे होते. मला ती मांडणी पटत नाही. शतक झालं नसतं तरी तिची चिंता तितकीच खरी होती. अशी बातमी वाचताना शेवटचं यश झाकून उरलेलं वाचा : तिने कुणाला सांगितलं, कोण तिच्यासोबत बसलं. तेवढं घरी करण्यासारखं आहे.

त्याच मैदानावर चार दिवस आधी प्रतिका रावलचा पाय पावसाने ओल्या झालेल्या मैदानावर मुरगळला होता, आणि तिच्या जागी आलेल्या शफाली वर्माने २ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात ८७ धावा केल्या. बातम्या शफालीकडे वळल्या, ते साहजिकच. प्रतिका जल्लोषात व्हीलचेअरवर दिसली. बदली खेळाडूची गोष्ट सुरू झाली की जखमी खेळाडूची बंद होते, म्हणून पाठपुरावा तुम्हीच करायचा. महिन्याभराने तिचं नाव शोधा.

पायरी ७ : फिटनेसचं सदर आणि जाहिरात

खेळाच्या पानाच्या कडेला "फिटनेस मंत्र" असतो. त्यात कोपऱ्यात बारीक अक्षरांत "प्रायोजित" किंवा "इम्पॅक्ट फीचर" लिहिलंय का, ते पाहा. लिहिलं असेल तर ती जाहिरात आहे, बातमीच्या कपड्यात. टक्केवारी दिसली की "कशाच्या" हा प्रश्न विचारा. समजा हजारात दोघांना होणारा त्रास तिघांना झाला, तर मथळा "धोका ५० टक्क्यांनी वाढला" असा येतो. चूक नाही, पण वाढला तो हजारात एकाने. अभ्यास उंदरांवर होता की माणसांवर, बारा जणांवर की बारा हजारांवर, हेही बातमीत शोधा. नसेल तर त्यावरून घरातला आहार बदलू नका. खेळाडूच्या हातातला प्रोटीनचा डबा हा त्याच्या कराराचा भाग असतो. त्याच्या जेवणाचा असेलच असं नाही.

उन्हाची बातमी या सदरात क्वचित येते, आली तर "चक्कर आली" एवढीच. २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघरच्या उघड्या मैदानावर उष्माघाताने १४ माणसं गेली, ती खेळत नव्हती, नुसती बसली होती. ठाण्याची वर्षा मॅरेथॉन पावसात असते म्हणून ऊन नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. धावणारा बरळायला लागला, तोल जाऊ लागला तर आधी त्याला सावलीत झोपवून थंड पाण्याने भिजवा, गाडी येईपर्यंत थांबू नका.

पायरी ८ : तुम्ही स्वतः बातमी देता तेव्हा

क्लबचे सचिव, शाळेचे क्रीडाशिक्षक स्थानिक वर्तमानपत्राला प्रेसनोट पाठवतात, पालक ग्रुपवर फोटो टाकतात. अल्पवयीन मुलाचा स्कॅन, निदान, औषध यातलं काहीही पालकांना आणि मुलाला विचारल्याशिवाय पाठवू नका. "दुखापतीमुळे अंतिम सामना खेळू शकला नाही" एवढं पुरतं. चौदाव्या वर्षी "कमरेचा पेशंट" म्हणून छापलेलं नाव सतराव्या वर्षी निवड समितीच्या कुणाच्या तरी लक्षात असतं.

त्या दिवशी मी त्या वडिलांना कात्रण उलटं करायला सांगितलं. मागच्या कोऱ्या जागेत त्यांनी डॉक्टरांसाठी तीन प्रश्न लिहिले : चीर कुठे आणि किती आहे, ती भरली हे कशावरून कळणार, पुढचा स्कॅन कधी. नोव्हेंबरच्या स्कॅनमध्ये चीर भरलेली दिसली. डिसेंबरात सेंट्रल मैदानावर त्या मुलाने अर्ध्या रनअपने बारा चेंडू टाकले. वडील साइटस्क्रीनजवळ वही घेऊन उभे होते, आणि तेरावा टाकायला तो वळला तेव्हा त्यांनी हात वर केला.